अचल दख्खनचा पंचनामा

१९९२ सालचा पावसाळा सरत आला असता लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील मौजे किल्लारी येथील रहिवाशांना जमिनीखालून गुरगुर ऐकू येऊ लागली. ती ढगांची नव्हे, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. ढगाचा आवाज वरून येतो, आणि त्याने उतरंडीची मडकी एकमेकांवर आपटत नाहीत. ऑगस्ट ते ऑक्टोबर या अवधीत लहानमोठे वीस-पंचवीस धक्के बसले, आणि १८ ऑक्टोबरचा धक्का तर रिश्टर मापाने चाराच्याही वर गेला. काही घरांच्या भिंती तडकल्या. पुष्कळ कुटुंबे वाकळा घेऊन अंगणात, खळ्यावर, शेतात निजू लागली. कचेरीपर्यंत खबर पोचली. मग धक्के विरळ झाले, थंडी पडली, आणि माणसे पुन्हा आपापल्या माळवदाखाली निजावयास गेली. त्यांना दोष देता येत नाही, कारण सरकारचा जो भूकंपप्रवणतेचा नकाशा त्या काळी प्रमाण मानला जात असे, त्यात किल्लारीची गणना पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धास्त अशा वर्गात केलेली होती. जमीन एक सांगत होती आणि दप्तर दुसरे सांगत होते. आणि आपल्याकडे अशा प्रसंगी दप्तराचाच शब्द खरा धरण्याची वहिवाट आहे.

हा नकाशा कोणी निष्काळजीपणाने काढला होता, असे मात्र नाही. भूकंपाची विद्या विसाव्या शतकात वाढली ती मुख्यत्वे भूपट्टांच्या कडांवर. जेथे दोन पट्ट एकमेकांस भिडतात तेथे, म्हणजे जपानात, चिलीत, हिमालयाच्या पायथ्याशी, भूमी अस्वस्थ असावयाची, आणि पट्टाच्या पोटात, कडेपासून शेकडो कोस आत, ती शांत असावयाची, असा त्या विद्येचा ठोकताळा होता. आणि दख्खनचे पठार तर हिमालयापासून हजार किलोमीटरांहून दूर, पृथ्वीच्या अतिप्राचीन कवचावर विसावलेले. जुन्या नोंदी चाळाव्यात, तर त्याही या समजुतीस पुष्टीच देणाऱ्या. थॉमस ओल्डहॅम या भूशास्त्रज्ञाने जमविलेली हिंदुस्थानातील भूकंपांची यादी १८८३ साली प्रसिद्ध झाली. परंतु अशा याद्या भरतात त्या छावणीतल्या साहेबांच्या पत्रांवरून आणि शहरांतल्या वर्तमानपत्रांवरून. निजामाच्या मुलखातील एखाद्या खेड्यात रात्री भिंत पडून बैलजोडी दगावली, तर तिची नोंद कुलकर्ण्याच्या वहीत झालीच तर ती साऱ्याची सूट मागण्यापुरती होणार, आणि ती वहीही पुढे वाळवीच्या स्वाधीन होणार. अशा दोन-तीन शतकांच्या फाटक्या दप्तरावर विसंबून आपण ज्या खडकाच्या शीलाविषयी निवाडा दिला, त्या खडकाच्या दोन हालचालींमध्ये हजारो वर्षांचे अंतर पडू शकते. दख्खन अचल आहे असे आपल्याला ठाऊक नव्हते. तो हलल्याची नोंद आपल्यापाशी नव्हती, इतकेच.

या अचलपणाच्या कल्पनेला पहिला तडा वास्तविक पंचवीस वर्षे आधीच गेला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले; ६.३ प्रतीच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली, धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या, आणि पुण्यामुंबईची माणसे अंथरुणातून उठून रस्त्यावर आली. पुण्याजवळचे आमचे वाकड तेव्हा मुळा नदीकाठचे, म्हातोबाच्या यात्रेवरून ओळखले जाणारे शेतकऱ्यांचे गाव होते. कोयनेच्या त्या पहाटेनंतर नकाशा बदलला, १९७० च्या सुधारित नकाशात कोयनेचा परिसर चौथ्या वर्गात गेला; पण मूळ समजूत बदलली नाही, कारण त्या भूकंपाला एक तयार कारण सापडले होते. शिवाजीसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले होते, पाण्याचे ओझे आणि खडकांच्या भेगांत झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांनी तेथील भूगर्भातला ताण मोकळा झाला, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, आणि ते बरोबरही होते. मात्र लोकांनी आणि कारभाऱ्यांनी त्यातून काढलेला अर्थ असा की कोयनेचा भूकंप धरणाच्या खाती मांडावा आणि उरलेले पठार पूर्ववत अचल समजावे. पाण्याने ताण मोकळा केला हे खरे. पण तो ताण आधी तेथे आला कोठून, हा प्रश्न विचारणारे थोडे होते.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी खडक पाहिला पाहिजे, आणि तो पाहण्यासाठी लातूरपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. वाकडात आज दर गल्लीत एखाद्या उंच इमारतीच्या तळघरासाठी खड्डा खणलेला असतो. कुंपणाच्या पत्र्याच्या फटीतून डोकावले, तर वर हात-दोन हात काळी माती, तिच्याखाली पिवळसर-तांबूस मुरूम, आणि मुरमाखाली ज्यावर ब्रेकर दिवसभर टणटणत असतो तो काळा कातळ, असे थर उघडे पडलेले दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हाचे लोटावर लोट बाहेर पडून थिजले, आणि त्या थरांनी सह्याद्रीपासून मराठवाड्यापर्यंतचा मुलूख झाकून टाकला. सह्याद्रीच्या बाजूला त्यांची जाडी हजार मीटरांच्या वर जाते. पूर्वेकडे ती उतरत जाते. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीस ६१७ मीटर खोल विवर घेतले, तेव्हा ३३८ मीटरांवर हा काळा पाषाण संपला, त्याखाली काही मीटर जुना गाळ लागला, आणि मग सुरू झाला तो ग्रॅनाइट-नीस जातीचा आदिम पाया, शेकडो कोटी वर्षांचा. म्हणजे मोडक्या बाजेवर जाड गोधडी अंथरावी आणि पाहणाऱ्याने गोधडीवरून बाजेची परीक्षा करावी, तसा प्रकार आपण दख्खनच्या बाबतीत केला होता. वरचा कातळ अखंड दिसतो. खालच्या पायात लाव्हा येण्यापूर्वीच्या कित्येक युगांच्या जखमा, भेगा आणि सांधे आहेत, आणि वरून त्यांचा मागमूस लागत नाही.

आता ताण. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर या गतीने ईशान्येकडे सरकत असून तो आशियाच्या पट्टाला रेटा देतो, आणि त्या झुंजीतून हिमालय उभा राहिला, हे आता शाळेतली मुलेही जाणतात. त्या रेट्याची प्रतिक्रिया मात्र हिमालयापाशीच संपत नाही, ती पट्टाच्या सबंध अंगातून मागे दक्षिणेपर्यंत पोचते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. दोन्ही बाजूंनी दाबल्या गेलेल्या कवचात एखादा जुना सांधा तिरका पडलेला असला, तर एका क्षणी घर्षण हार खाते आणि सांध्यावरचा खडक खालच्या खडकावर चढून वर येतो. भूशास्त्रात याला व्युत्क्रम विभंग म्हणतात; सांध्याचा उतार सौम्य असला की तोच क्षेपविभंग. जेथे कवच ताणले जाते तेथे भूखंड खाली घसरतो. जेथे ते दाबले जाते तेथे तो वर चढतो. किल्लारीस भूमी वर चढली. तेथील विभंगाचे प्रतल सुमारे ४५ अंशांनी नैर्ऋत्येकडे उतरणारे होते, आणि भूकंपाचे मूळ अवघे पाच-सहा किलोमीटर खोल होते. या उथळपणाचा परिणाम दुहेरी झाला. थोड्या वर्तुळात धक्का भयंकर लागला, आणि त्या वर्तुळाबाहेर विध्वंस झपाट्याने कमी होत गेला. पंधरा-वीस किलोमीटरांच्या पट्ट्यात गावेच्या गावे भुईसपाट, आणि तेथून फारसे दूर नसलेल्या लातूर शहरात बहुतेक घरे उभी.

विध्वंसाचे खापर एकट्या पृथ्वीवर फोडणे मात्र न्यायाचे होणार नाही. मराठवाड्यातले जुने घर ज्याने आतून पाहिले आहे, त्याला त्याची शीतळ छाया विसरता येत नाही. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती; त्यांवर लाकडी सर, सरांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर हातभर जाडीचा मातीचा थर, हे माळवद. उन्हाळ्यात त्याच्याखाली पंख्याची गरज पडत नाही, आणि रात्री त्याच्यावर निजता येते. पावसाळ्यापूर्वी गळती बंद करण्यासाठी दरवर्षी वर थोडी माती घालावयाची. आजोबांनी घातली, बापाने घातली, लेकाने घातली, आणि कोणीही कधी काढली नाही. तीन पिढ्यांत छप्पर किती टन जड झाले, याचा हिशेब कोण ठेवणार? भिंतीचे बांधकाम तर त्याहून फसवे. बाहेरून आणि आतून असे दगडांचे दोन पदर रचावयाचे, मधली पोकळी दगडगोटे आणि चिखलाने भरावयाची. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड गवंड्याने घालावा, हे शास्त्र पूर्वजांना ठाऊक होते, पण हौसेने आणि पैशाने बांधलेल्या वाड्यांखेरीज ते पाळले गेले नाही. असे घर उभ्या भाराला शतकभर तोलून धरते. आडवा धक्का बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात, एक बाहेर ढासळतो आणि एक आत. ज्या घरांत छप्पर भिंतीवर न टेकता लाकडी खांबांच्या खणांवर पेललेले होते, तेथे पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्या तरी खण उभे राहिले आणि आतली माणसे वाचली. कालांतराने लाकूड महाग झाले आणि खांब गाळून सरांची टोके थेट भिंतीत बसविण्याचा प्रघात पडला. काटकसर म्हणावी तर काटकसर. पण त्या रात्री जगण्यामरण्याचा निकाल तिच्यावर लागला.

ती रात्र अनंत चतुर्दशीची होती. २९ सप्टेंबर १९९३, बुधवार. गावोगाव विसर्जनाच्या मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या होत्या आणि दमलेली माणसे मध्यरात्रीनंतर घराघरांत निजली होती. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हलली. भूकंपाची प्रत ६.२; जगाच्या हिशेबात ही प्रत मध्यमच, इतक्या प्रतीचे भूकंप पृथ्वीवर दरवर्षी कित्येक होतात आणि त्यांतील बहुतेकांची वार्ताही आपल्यापर्यंत येत नाही. मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार विसर्जनाच्या बंदोबस्ताची चौकशी करीत जागे होते. खिडक्यांची तावदाने थरथरली तेव्हा त्यांनी प्रथम कोयनेस विचारणा केली, आणि भूकंप तेथला नसून लातूरकडचा आहे असे त्यांना तेथून कळले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. महाराष्ट्रात भूकंप म्हणजे कोयना, हे समीकरण राज्याच्या प्रमुखापासून सामान्य माणसापर्यंत किती पक्के बसले होते, याची याहून बोलकी साक्ष मिळणे कठीण.

उजाडले तेव्हा किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशा कितीतरी गावांच्या जागी दगडमातीचे ढीग होते. तो ढीग उपसणे हेही सोपे काम नव्हते. पडलेल्या काँक्रीटच्या घरात पोकळ्या राहतात, माळवदाच्या मातीत राहत नाहीत, आणि माणसे दगडाने जितकी मेली त्याहून अधिक मातीने गुदमरून मेली असावीत. त्यातच पाऊस सुरू झाला. लष्कर आले, राज्य राखीव दल आले, सोलापूर, पुणे, हैदराबाद येथून डॉक्टर आले, आणि आल्यागेल्यांनी आणलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले. चितेला लाकूड पुरेना, तेव्हा पडलेल्या घरांचेच सर आणि दारे चितेवर गेली. मृतांचा सरकारी हिशेब ७,९२८ असा झाला. पुढील अनेक अहवालांत ९,७४८ हा आकडा येतो. जखमी सुमारे सोळा हजार. तेरा जिल्ह्यांत मिळून दोन लाखांच्या वर घरांना इजा पोचली. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी यांच्या कचेरीने पंचनामे, वारसांची नोंद, सानुग्रह अनुदान यांचा पसारा ज्या तातडीने उभा केला, त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. वारसदाखला मागावयास येणारा कोणी न उरल्याने ज्यांची पाने कोरी राहिली असतील, अशी कुटुंबेही त्या यादीत असलीच पाहिजेत.

मदतीची गर्दी ओसरत असतानाच आणखी एक मंडळी शेतांतून हिंडू लागली. किल्लारी गावाच्या पश्चिमेस काळ्या रानात भूमी उचलली गेली होती. सुमारे एक किलोमीटर लांबीची, तुटक तुटक अशी वळी, कोठे वीतभर, कोठे मांडीएवढी उंच. पिकाच्या सरळ ओळी तिच्यापाशी येऊन वर चढलेल्या. ज्याने कधी शेताचा बांध पाहिला आहे त्यालाही हा बांध माणसाने घातलेला नाही हे कळावे. पट्टाच्या पोटातील भूकंपाने भूपृष्ठ फाटल्याची उदाहरणे जगात मोजकीच आहेत. ऑस्ट्रेलियात मेकरिंग येथे १९६८ साली आणि टेनंट क्रीक येथे २२ जानेवारी १९८८ रोजी, कॅनडाच्या उंगावा द्वीपकल्पात १९८९ च्या नाताळात. आणि ही तिन्ही उदाहरणे किल्लारीप्रमाणेच दाबाच्या, वर चढणाऱ्या विभंगाची. टेनंट क्रीकला तर एका दिवसाच्या आत सहाच्या वरचे तीन भूकंप झाले. परंतु मेकरिंग हे गव्हाच्या शेतांमधले लहान गाव, टेनंट क्रीक वाळवंटाच्या कडेचे, उंगावा हिमभूमीत. तेथे भूमी फाटली ती बव्हंशी रिकाम्या जागेत. किल्लारीला भूमी फाटली ती दाट वस्तीच्या, सुपीक, काळ्या मातीच्या खोऱ्यात, आणि म्हणून स्थिर खंडभूमीच्या भूकंपांत मनुष्यहानीच्या दृष्टीने १९९३ पर्यंत तिच्यासारखे दुसरे उदाहरण शास्त्रज्ञांना सांगता येत नव्हते.

विद्वानांचा वाद मग त्या वळीवरून सुरू झाला. अमेरिकेतील लिओनार्डो सीबर आणि कानपूरच्या आय.आय.टी.तील त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली असा प्रश्न उपस्थित केला की हा विभंग बेसाल्टाच्या थरांत प्रथमच निर्माण झालेला असावा काय? त्याच वर्षी सी. पी. राजेंद्रन, कुसला राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्याने याच्या उलट मत मांडले: विभंग जुना आहे, पायातला आहे, आणि तो पुन्हा जागा झाला आहे. वाद वरवर पुस्तकी वाटेल, पण व्यवहारात त्याचा अर्थ मोठा होता. विभंग नवा असेल तर तो कोठेही निर्माण होऊ शकेल आणि शोध घेण्यात हशील नाही. जुना असेल तर त्याचे पूर्वीचे ठसे कोठेतरी असले पाहिजेत आणि ते शोधता येतील. वळीवर चर खोदले गेले, विवरे घेतली गेली, आणि खोलवर थरांची सरक काही मीटरांची असल्याचे दिसून आले. एका रात्रीत इतकी सरक होणे शक्य नव्हते. म्हणजे हीच भेग पूर्वीही हलली होती, एकदा नव्हे, अनेकदा. राजेंद्रन यांनी तर ज्या तेरणा नदीच्या खोऱ्यात किल्लारी आहे तिच्याच काठच्या तेर या गावी, म्हणजे सातवाहनकाळी रोमपर्यंत व्यापार असलेल्या प्राचीन तगर नगरीच्या नदीकाठच्या दरडींत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाची चिन्हे असल्याचा दावा केला. तो सर्वांनाच मान्य झालेला नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तो विचारात पाडतो खरा. तगराची भरभराट ओसरली त्याची कारणे सांगताना आपण व्यापाराच्या वाटा बदलल्या, राजवटी बदलल्या, असे लिहितो. भूमीकडे पाहण्याची आपल्याला सवयच नाही.

माकणी येथील निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय किल्लारीपासून फार दूर नाही, आणि कोयनेचा दाखला ताजा असल्याने याही भूकंपाचे खापर धरणावर फोडण्याचा मोह पुष्कळांना झाला. जलाशय लहान, उथळ. बहुतेक अभ्यासकांनी ते कारण पुरेसे मानले नाही. मला या वादातली एक गोष्ट चमत्कारिक वाटते. भूकंपाचे कर्तृत्व माणसाकडे असावे, अशी जणू आपली मनोमन इच्छाच असते. धरण दोषी ठरले तर धरण नसलेल्या गावाला निश्चिंत झोप लागेल. चार वर्षांनी, २२ मे १९९७ रोजी, जबलपूर हादरले, आणि त्या भूकंपाचे मूळ तीस किलोमीटरांहून अधिक खोल, कवचाच्या तळाशी होते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेही दाबाच्या विभंगावर, आणि तेथे भूपृष्ठावर फाटलेला सरळ विभंग कोणाला दाखवताही आला नाही. धरणांची यादी या दोन्ही ठिकाणी कामाची नव्हती.

पुनर्वसनाची हकीगत स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. येथे तिचा धावता उल्लेख पुरे. जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला, आणि जी ५२ गावे पूर्णपणे उद्ध्वस्त झाली होती ती नव्या जागी वसविण्याचे ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, आणि त्यावरील खातेदारास ७५०: सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून घराचे आकारमान ठरावे, ही योजना कारभारास सोयीची होती, आणि जुन्या गावातली उतरंड तिने नव्या गावात नकाशासकट उतरवून घेतली. जुने गाव पांढरीवर वसलेले असे; घरे एकमेकांना खेटून, बोळ अरुंद, देऊळ आणि पार मध्यभागी. नवे गाव काळ्या रानात, चौकटीच्या कागदावर आखल्यासारखे, रस्ते रुंद, शेजारी लांब, आणि गोठ्याला जागा नाही. काँक्रीटच्या घराची चावी हाती येऊनही कित्येक माणसे वर्षानुवर्षे दाराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्येच निजत राहिली. उरलेल्या गावांत घरे दुरुस्त व मजबूत करावयाची होती, तेव्हा महिला मंडळांतील बायकांना संवादसहायिका म्हणून नेमण्यात आले, आणि भिंतीत आरपार दगड कोठे घालावा, कोपरा कसा बांधावा, हे गवंड्याला त्या उभ्या राहून सांगू लागल्या. सबंध कार्यक्रमातली सर्वांत टिकाऊ गोष्ट, माझ्या मते, हीच होय.

पुण्याशी या आपत्तीचा संबंध पहिल्या काही आठवड्यांतच जुळला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली, आणि वाघोलीचे त्यांचे संकुल त्यातून उभे राहिले. मागाहून जे आले त्यांची कोणी यादी केली नाही. दुष्काळ, कर्ज, वाटण्या झालेली जमीन, आणि तिकडे मुळीच न उगवणारी कारखानदारी, अशा अनेक कारणांनी औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या तालुक्यांतली माणसे पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण येथे येत राहिली, अजूनही येतात. वाकड १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आले, हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि जेथे ज्वारी होत असे तेथे वीस-वीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले. सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहिले तर तेरणेकाठची बोली हटकून कानी पडते.

या मनोऱ्यांच्या पायातही किल्लारी आहे, हे मात्र तेथे घर घेणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असते. भूकंपरोधक बांधकामाचे मानक क्रमांक १८९३ हे २००२ साली सुधारण्यात आले तेव्हा नकाशातला पहिला वर्ग रद्दच झाला. देशात निर्धास्त म्हणता येईल अशी भूमी नाही, हे सरकारने कागदावर मान्य केले, आणि किल्लारीचा मुलूख तिसऱ्या वर्गात आला. पुणे आणि त्याबरोबर वाकडही तिसऱ्याच वर्गात. किल्लारीच्याच वर्षी, १९९३ मध्ये, मानक क्रमांक १३९२० प्रसिद्ध झाले, ज्यात काँक्रीटमधल्या सळया अशा कशा बांधाव्यात की धक्का बसला असता खांब वाकेल पण मोडणार नाही, याचे नियम आहेत. नियम कागदावर उत्तम. त्यांची परीक्षा होते ती मात्र फिटरच्या हातात.

वाकडातल्या काळा खडक भागाच्या बाजूस एका इमारतीच्या तळमजल्यावर अशी परीक्षा चाललेली मी पाहिली. वाहनतळासाठी सबंध तळमजला भिंतींविना मोकळा सोडलेला, वर सगळे मजले त्या खांबांवर. म्हणजे भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा तीच. उभ्या सळयांभोवती ठरावीक अंतरावर ज्या चौकोनी रिंगा बसवितात, त्यांची टोके नव्वद अंशांत मुडपली तर धक्क्यात बाहेरचे काँक्रीट सुटताच रिंग उघडते आणि खांब फुटतो. एकशे पस्तीस अंशांत मुडपून टोक आतल्या गाभ्यात घातले तर ती धरून राहते. फरक बोटभर लांबीच्या टोकाचा. पंचविशीतला साइट इंजिनियर बॅटरीच्या उजेडात प्रत्येक रिंगेत बोट घालून पाहत होता.

"मामा, या चार खांबांना नव्वदचाच हूक आहे. खोला."

"सळयांची गर्दी हाय साहेब, आत हात जाईना," फिटर म्हणाला. तो उमरग्याकडचा होता. "वरच्या मजल्यापासनं घालू की."

"वरच्याला राहू द्या. इथं पाहिजे."

फिटरने एकदा बाहेर पाहिले. काँक्रीटचा मिक्सर फाटकाशी येऊन उभा होता आणि ठेकेदार फोनवर मोठमोठ्याने बोलत होता. इंजिनियरने तिकडे जाऊन मिक्सर परत पाठविला, ठेकेदाराशी त्याचे बरेच वाजले, आणि फिटर बांधणीची तार कापून पहिली रिंग सोडवावयास बसला.